नव्या कॅमेऱ्याची बातमी आणि घाटाखालचा पाऊस

खोपोलीच्या घाटाखाली कॅमेऱ्याची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते आणि सप्टेंबर संपेपर्यंत चालते. खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांत कॅमेरा बाळगणारी माणसेही तऱ्हेतऱ्हेची. पावसाळ्यात आडोशी आणि झेनिथच्या धबधब्यांकडे धावणारी तरुण मंडळी, माथेरानच्या धुक्यात हरवून जाणारे हौशी, कोंढाणे लेण्यांची पायवाट तुडवणारे गिर्यारोहक, पक्ष्यांच्या मागावर पहाटे उठणारे आणि लग्नसराईत फार्महाउसवर दोन-दोन रात्री जागणारे व्यावसायिक फोटोग्राफर. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली कर्जतजवळ उभारलेल्या एन. डी. स्टुडिओमुळे सिनेमाचे कॅमेरेही या भागाने जवळून पाहिले. साहजिकच ‘नवी बॉडी येतेय म्हणे’ हे वाक्य इथल्या चहाच्या टपरीवरही कानावर पडते.

या ‘म्हणे’मध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. काय येणार, हे अफवा सांगते. काय आले, हे बातमी सांगते. आलेल्या वस्तूने अमुक परिस्थितीत काय करून दाखवले, हे परीक्षण सांगते. ‘माझ्याकडच्या उजेडात आणि माझ्याकडच्या ओलाव्यात ती काय करील?’ हा चौथा प्रश्न मात्र आपणच सोडवावा लागतो. थोडे अंकगणित आणि थोडे पदार्थविज्ञान हाताशी असले की तो सुटतोही.

अफवेचे उगमस्थान

कॅमेऱ्याच्या अफवा सगळ्याच हवेतून येत नाहीत. त्यांच्या तीन वाटा ठरलेल्या आहेत. पहिली वाट सरकारी नोंदणीची. आजच्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात वायफाय आणि ब्लूटूथ असते, त्यामुळे तो विकण्याआधी त्या त्या देशाच्या दूरसंचार यंत्रणेची मान्यता घ्यावी लागते. अमेरिकेत, तैवानमध्ये, जपानमध्ये अशा नोंदी होतात. भारतातही रेडिओ लहरी वापरणाऱ्या उपकरणांना अशी मंजुरी लागते. या नोंदीत बहुधा एक सांकेतिक क्रमांक आणि रेडिओ चिपचा तपशील एवढेच असते. काहीतरी येणार आहे, इतके त्यावरून पक्के कळते. काय येणार आहे, ते कळत नाही.

दुसरी वाट पेटंटची. जपानमध्ये पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी सार्वजनिक होतो. लेन्सच्या पेटंटमध्ये काचांची मांडणी, फोकल लेंथ आणि अ‍ॅपर्चर यांची उदाहरणे असतात आणि त्यावरून ‘अमुक कंपनी अमुक लेन्स आणणार’ अशी आवई उठते. कंपन्या मात्र अशी असंख्य पेटंटे नुसती कल्पना राखून ठेवण्यासाठी घेतात. त्यांतली बहुतेक कागदावरच राहतात.

तिसरी वाट माणसांची: वितरक, दुकानदार, चाचणीसाठी कॅमेरा आधीच मिळालेले फोटोग्राफर. अनावरण जवळ येते तसतशी ही गळती वाढते. फेब्रुवारीत योकोहामाला भरणाऱ्या सीपी प्लस प्रदर्शनाच्या आधी तर तिला ऊत येतो. वस्तूचे स्पष्ट छायाचित्र आणि किंमत फुटली की ती अफवा बहुधा खरी निघते, कारण तोवर माल गोदामात पोहोचलेला असतो.

पण अफवा खरी ठरली म्हणजे सगळे कळले असे नाही. कॅननच्या ईओएस आर५चे उदाहरण बोलके आहे. २०२०च्या सुरुवातीला या कॅमेऱ्यात ८के व्हिडिओ असेल असे ऐकू आले तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेले. जुलैमध्ये कॅमेरा आला आणि ते अक्षरशः खरे निघाले. मग दुसरी बातमी आली, कॅमेरा तापतो. कंपनीने स्वतःच जाहीर केलेल्या तक्त्यानुसार ८के चित्रण सलग सुमारे २० मिनिटे होत होते आणि तो आकडा २३ अंश सेल्सिअस तापमानाचा होता. पुढे फर्मवेअरने थोडी सुधारणा झाली, पण लक्षात ठेवायचा तो २३चा आकडा. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो. भर दुपारी लॉनवर हळदीचे चित्रण करणाऱ्याला २३ अंशांतली २० मिनिटे काय कामाची? अफवा, बातमी आणि तक्ता तिन्ही खरे असूनही इथला माणूस फसू शकतो, तो असा.

काचेला फसवता येत नाही

अफवेसाठी एक चाळणी कायमची हाताशी ठेवता येते. लेन्सवर लिहिलेला एफ-क्रमांक म्हणजे फोकल लेंथ भागिले प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास. म्हणजे ६०० मिमीच्या एफ/४ लेन्सला १५० मिमी रुंद वाट हवीच. एफ/६.३ असेल तर साधारण ९५ मिमी पुरते. हे कोणत्याही कंपनीला चुकत नाही. त्यामुळे ‘खिशात मावणारी ६०० एफ/४’ असे कोणी सांगू लागला तर पुढे ऐकण्याची गरज नाही.

लांबी आणि वजन मात्र कमी करता येते. खास कोरीव वलयांची काच वापरून प्रकाश कमी जागेत वळवण्याची युक्ती कॅननने ‘डीओ’ नावाने आणि निकॉनने ‘पीएफ’ नावाने बाजारात आणली. निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ पीएफ लेन्स २०१८ साली आली तेव्हा ती हातात धरून दिवसभर फिरता येते याचे पक्षिप्रेमींना अप्रूप वाटले. पण तिचाही पुढचा व्यास गणिताने सांगितला तेवढाच, म्हणजे ९० मिमीच्या आसपास आहे.

सेन्सरचेही तसेच. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. ज्याला फोटोग्राफर ‘क्रॉप’ म्हणतात तो एपीएस-सी सेन्सर साधारण ३७० चौरस मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्स सुमारे २२५. तोच एफ-क्रमांक आणि तोच शटर ठेवला तर मोठ्या सेन्सरवर त्या प्रमाणात जास्त प्रकाश जमा होतो. मेगापिक्सेलचा आकडा त्या प्रकाशाचे किती तुकडे केले एवढेच सांगतो. प्रकाश वाढवणे त्याच्या हातात नसते.

सावलीतला तिबोटी खंड्या

आता हे गणित घाटाखाली आणू. जुलैचे दिवस, दाट रान, वर ढग, ओढ्याकाठची कारवी ओली झालेली. पावसाळ्यात रायगडच्या जंगलांत घरटे करणारा तिबोटी खंड्या एका फांदीवर बसला आहे. चिमणीएवढाच हा पक्षी, पण पोट पिवळे, चोच लालभडक, पाठीवर निळ्या-जांभळ्या छटा. फोटोग्राफर दूर उभा आहे आणि दूरच उभे राहायला हवे, कारण घरट्याजवळ गर्दी झाली की पालक पक्षी पिल्लांना भरवायला यायचे टाळतात.

अशा रानात सावलीतला उजेड मोजला तर आयएसओ १००ला साधारण ७ ईव्ही (उजेडाचे माप) भरतो. आपल्याकडे एफ/६.३ची झूम आहे. या उजेडात योग्य एक्सपोजरसाठी शटर जवळजवळ १/३ सेकंद उघडे ठेवावे लागेल. पक्षी तेवढ्यात मान तीनदा वळवतो. निदान १/२५० सेकंद हवे असेल तर आयएसओ ८०००च्या घरात न्यावा लागतो. त्याच जागी एफ/४ची लेन्स असती तर ३२०० आयएसओ पुरला असता. दोन फोटोंमधला फरक लहान दिसत नाही: एकात छातीवरचे पीस न् पीस मोजता येते, दुसऱ्यात पिवळ्या रंगावर रवा पसरतो.

या रव्यालाच फोटोग्राफर ‘नॉइज’ म्हणतात आणि त्याचा मोठा भाग कॅमेऱ्यामुळे आलेलाच नसतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडणार असतील तर चढउतार शंभराचा, म्हणजे एक टक्क्याचा. सरासरी १०० कणच पडणार असतील तर चढउतार दहाचा, म्हणजे थेट दहा टक्क्यांचा. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, थोड्या प्रकाशाचे मोजमाप फुगवून दाखवले जाते आणि त्यासोबत हा चढउतारही फुगतो.

‘नव्या बॉडीत नॉइज निम्म्याने कमी’ ही अफवा आली की म्हणूनच जरा थांबावे. आजचे चांगले सेन्सर आपल्या रंगाच्या, पिक्सेलपर्यंत पोहोचलेल्या प्रकाशकणांपैकी निम्म्याहून अधिक कण मोजतात. सगळेच्या सगळे मोजले तरी एक स्टॉपदेखील (स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट) पूर्ण मिळणार नाही. पुढची मोठी सुधारणा सेन्सरमध्ये दडलेली नाही. नॉइज काढणारी संगणक प्रणाली गेल्या काही वर्षांत खरोखर सुधारली आहे आणि ती जुन्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवरही चालते. त्यासाठी नवी बॉडी घ्यावी लागत नाही.

एफ/६.३ आणि एफ/४ यांच्यातला तो दीड स्टॉपाला जरा कमी पडणारा फरक मात्र बाजारात फार महाग आहे. ६०० मिमी एफ/४ लेन्सची किंमत दहा लाखांच्या वर जाते. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची १८०-६०० दीड-दोन लाखांत येते. म्हणून रायगडच्या रानात एफ/६.३च्या झूमच जास्त दिसतात आणि त्यांचे मालक उजाडता उजाडता न जाता जरा वर आलेल्या उन्हाची वाट पाहतात. पैशांची कमतरता वेळेने भरून काढायची ही पद्धत शहाणपणाची आहे.

परीक्षणातली बारीक अक्षरे

परीक्षण खोटे नसते, पण त्याच्या अटी खालच्या ओळीत असतात. अंधारात फोकस करण्याची क्षमता पाहा. कॅनन आर६च्या माहितीपत्रकात उणे ६.५ ईव्हीपर्यंत फोकस होतो असे लिहिलेले असते. चांदण्याहूनही कमी उजेड! पण तो आकडा एफ/१.२ लेन्स लावून काढलेला आहे. एफ/६.३च्या लेन्समधून त्याच्या सुमारे २८ पट कमी प्रकाश आत येतो. माथेरानच्या धुक्यात आणखी एक अडचण असते. फोकसची यंत्रणा काळ्या-पांढऱ्यातला भेद शोधते आणि धुके नेमका तोच पुसून टाकते. अशा वेळी बॉडी कितीही नवी असो, फोकस एखाद्या झाडाच्या खोडावर, कड्याच्या धारेवर नेऊन द्यावा लागतो.

‘आठ स्टॉपचे स्टॅबिलायझेशन’ हाही असाच आकडा. तो प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने यंत्र हलवून मोजतात. हातातली थरथर त्याने खरोखर थांबते आणि धबधब्यापुढे तिवईशिवाय अर्ध्या सेकंदाचा फोटो घेता येतो, कारण खडक स्थिर असतो आणि पाणी आपल्याला वाहतेच हवे असते. खंड्याच्या मानेला मात्र त्याने काही फरक पडत नाही. जे समोर हलते ते शटरनेच थांबवावे लागते.

बॅटरीच्या आकड्याचेही तेच. ‘सिपा’ ही जपानमधली कॅमेरा उत्पादकांची संघटना एक प्रमाणित पद्धत ठरवून देते. त्या पद्धतीत ३५० फोटो मिळाले म्हणून लग्नात ३५०वरच बॅटरी संपते असे नाही. भराभर फोटो काढणाऱ्याला कैक पट जास्त मिळतात, सतत व्हिडिओ करणाऱ्याचे गणित वेगळे. सगळ्यांनी एकच पट्टी वापरली आहे, म्हणून दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. लग्नाला किती बॅटऱ्या न्यायच्या, ते त्यावरून ठरवू नये.

लेन्सच्या परीक्षणात येणारा एमटीएफ आलेख अनेकांना घाबरवतो. आडव्या रेषेवर चित्राच्या मध्यापासूनचे अंतर असते, फुल फ्रेममध्ये कोपरा २१.६ मिमीवर येतो. उभ्या रेषेवर बारीक रेघा किती ठळक उमटल्या ते असते. एका मिलिमीटरमध्ये १० रेघांची जोडी लेन्सचा उठाव सांगते, ३० रेघांची जोडी बारकावा. मध्ये उंच आणि कोपऱ्याकडे कोसळणारी रेघ पक्ष्यांसाठी चालते, कारण पक्षी बहुधा मध्यावर असतो. तीच लेन्स माथेरानच्या पॅनोरमा पॉइंटवरून दरीचे दृश्य घ्यायला चालणार नाही. शिवाय काही कंपन्या हा आलेख संगणकातल्या रचनेवरून काढतात, काही प्रत्यक्ष लेन्स मोजून. परीक्षकाच्या हातात एकच नग आलेला असतो आणि नगानगात फरक पडतो, हेही विसरू नये.

डायनॅमिक रेंजचा, म्हणजे गडद आणि उजळ एकाच फोटोत सामावण्याचा, आकडा कोणाला लागतो? धुक्यातल्या हिरवाईत उजेड आणि सावली यांत फारसे अंतरच नसते, तिथे साधा कॅमेराही निभावतो. कोंढाणे लेण्यांत मात्र तो पणाला लागतो. आत दगडात कोरलेल्या लाकडी घाटाच्या कमानी काळोखात, बाहेर पावसाळी आभाळ आणि तोंडावरून कोसळणारे पाणी पांढरेशुभ्र. तिथे रॉ फाइल घ्यावी, आभाळ जळू न देता एक्सपोजर करावे आणि सावली नंतर उजळावी. सेन्सरचा खरा कस तिथे कळतो.

तिरका ट्रक आणि काळे पट्टे

सध्याच्या बातम्यांत ‘स्टॅक्ड सेन्सर’ आणि ‘ग्लोबल शटर’ हे शब्द सारखे येतात. त्यामागची गोष्ट अशी. बिनआवाजी इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना बहुतेक सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात. या वाचनाला कॅमेऱ्यागणिक साधारण १/१५ ते १/६० सेकंद लागतात. खालापूरजवळ द्रुतगती मार्गावर ताशी ८० किलोमीटरने जाणारा ट्रक १/३० सेकंदात जवळपास पाऊण मीटर पुढे सरकतो. वरची ओळ वाचली तेव्हा तो इथे, खालची वाचली तेव्हा तो तिथे. फोटोत ट्रक तिरका होतो.

ट्रकचे फोटो काढणारे थोडे, पण फार्महाउसवरच्या संगीताच्या कार्यक्रमाचे चित्रण करणारे शेकडो आहेत. एलईडी दिवे आपल्याला सलग पेटलेले दिसले तरी ते सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघडझाप करत असतात. सेन्सर ओळीओळीने वाचत असताना काही ओळींना दिवा लागलेला सापडतो, काहींना विझलेला. नवरीच्या शालूवर काळे आडवे पट्टे उमटतात ते यामुळे. स्टॅक्ड सेन्सरमध्ये वाचलेले चित्र पटकन साठवायला खाली स्मृतीचा थर असतो. निकॉनच्या झेड९ने (२०२१) वाचनाचा वेळ इतका कमी केला की कंपनीने यांत्रिक शटरच काढून टाकले. सोनीचा ए९ ३ हा नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर झालेला कॅमेरा ग्लोबल शटरचा पहिला फुल फ्रेम कॅमेरा ठरला, त्यात सगळ्या ओळी एकदमच टिपल्या जातात. मात्र ही सोय फुकट मिळत नाही. त्याचा सर्वांत खालचा आयएसओ २५० आहे आणि कमी उजेडात तो आपल्याच घरातल्या इतर कॅमेऱ्यांपेक्षा थोडा मागे पडतो.

लग्नवाल्याला हा खर्च करण्याआधी एक उपाय आहे: यांत्रिक शटर वापरावा आणि शटरचा वेग दिव्यांशी जुळवून घ्यावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यासाठी ‘अँटी-फ्लिकर’ सोय असते. ती चालू करायची आठवण राहिली तरी निम्मी तक्रार मिटते.

ओलावा: परीक्षणात नसलेला परीक्षक

रायगड जिल्ह्यात मोसमात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाटमाथ्याच्या पायथ्याशी आणखी जास्त. ‘वेदर सील्ड’ या शब्दाला मात्र ठरलेला अर्थ नाही. काही कंपन्या नुसते रबरी वळसे दिल्याचे सांगतात. आयपी क्रमांक दिलेला असेल तर निदान मोजमाप तरी असते. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ (२०२२) कॅमेऱ्याला आयपी५३ दर्जा आहे. पहिला ५ धुळीचा: धूळ थोडी आत गेली तरी काम अडत नाही. दुसरा ३ पाण्याचा: उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा चालतो. तोही लेन्स तशीच बंदिस्त असेल तर. घाटातला वारा पाऊस खालून वर फेकतो, तेव्हा ६० अंश कुठल्या कुठे राहतात. आणि पाणी शिरलेला कॅमेरा वॉरंटीत बहुधा बसत नाही. प्लास्टिकचे आवरण आणि कोरडा पंचा यांना पर्याय नाही.

पाऊस नसतानाही ओलावा घात करतो. मुंबईहून गाडीचा एसी लावून आलेला माणूस धबधब्यापाशी उतरतो आणि पिशवीतून कॅमेरा काढतो. लेन्स २२ अंशांवर थंड झालेली. बाहेरची हवा २६ अंश, आर्द्रता ९५ टक्के, म्हणजे तिचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास. त्याहून थंड अशा प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणारच. पुढची काच क्षणात पांढरी होते. माणूस ती रुमालाने पुसतो, ती पुन्हा धरते आणि पंधरा-वीस मिनिटे वाया जातात. उपाय सोपा आहे. पोहोचण्याआधी एसी बंद करून काचा उघडाव्यात, किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर काढावा आणि हवेइतका गरम झाल्यावर पिशवी उघडावी. म्हणजे दव पिशवीवर धरते, काचेवर नाही.

हा ओलावा घरी नेला की बुरशी लागते. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळते. कॅमेऱ्याचे कपाट किंवा हवाबंद डबा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावा, आत सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कॅमेरा चार महिने बंद ठेवणे सगळ्यांत वाईट.

ज्यांची बातमी होत नाही

घाटाखालच्या पावसाळी फोटोत सर्वांत मोठा बदल करणारी वस्तू कोणत्याही अनावरण सोहळ्यात दिसत नाही. ती म्हणजे पोलरायझर. ओल्या पानांवर आणि खडकांवर आकाशाची चमक पसरते आणि हिरवा रंग फिका पडतो. फिल्टर फिरवला की ती चमक जाते, आतला गडद हिरवा वर येतो. ही चमक नंतर संगणकावर काढता येत नाही, कारण तिच्याखालचा रंग टिपलाच गेलेला नसतो. त्यासाठी दीड-दोन स्टॉप प्रकाश द्यावा लागतो एवढेच.

दुसरी वस्तू प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर. ढगाळ दिवशी एफ/११ आणि आयएसओ १००वर शटर १/३० सेकंदाच्या आसपास येतो आणि पाणी ना गोठलेले दिसते ना रेशमी. अनेक जण मग अ‍ॅपर्चर एफ/२२ करतात. तिथे विवर्तनामुळे प्रकाशाचा प्रत्येक बिंदू जवळपास ३० मायक्रॉनचा ठिपका होतो, ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर सहा-सात पिक्सेल रुंद. म्हणजे महागड्या सेन्सरचा बारकावा आपल्याच हाताने पुसला. त्याऐवजी सहा स्टॉपचा एनडी लावला तर एफ/११वरच दोन सेकंद मिळतात.

तिसरी वस्तू साधी ५० मिमी एफ/१.८. जूनच्या तोंडावर, पहिल्या सरींच्या आगेमागे, राजमाचीच्या जंगलात काजव्यांचे दिवस असतात आणि कर्जतकडून कोंदिवडे मार्गे तिकडे जाणारी पायवाट गजबजते. किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६वर येते. एफ/१.८ तिच्या जवळपास दहापट प्रकाश घेते. बॉडी बदलून दहापट प्रकाश कधीच मिळणार नाही. ही लेन्स मात्र सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी आहे.

बाजार असा का झाला

मग बातम्या महाग बॉडींच्याच का असतात? सिपाच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली तो आकडा ९० लाखांच्या आत आला. खिशातला स्वस्त कॅमेरा मोबाइलने गिळला. उरलेल्या थोड्या ग्राहकांकडून जास्त पैसे मिळवायचे, तर महाग वस्तूच विकल्या पाहिजेत. ऑलिम्पसने आपला कॅमेरा विभाग विकला. कोलोनचे १९५० सालापासूनचे फोटोकिना प्रदर्शन २०१८नंतर भरलेच नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ साली नवे मिररलेस माउंट आणले आणि डीएसएलआरचे दिवस भरले.

ही बातमी खालापूरच्या नवशिक्यासाठी उलट चांगली आहे. खोपोली किंवा कर्जतची लोकल पकडून सीएसएमटीला उतरले की फोर्टमधला बोरा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे आणि पुण्यातही सेकंडहँड डीएसएलआर आणि चांगल्या लेन्स नव्याच्या तुलनेत बऱ्याच स्वस्तात मिळतात. घेताना लेन्समधून आरपार टॉर्च मारून बुरशी पाहावी, शटर काउंट विचारावा, बॉडीवरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहावा. निकॉनच्या जुन्या लेन्स नव्या झेड माउंटवर अ‍ॅडाप्टरने बसतात, पण ज्यांच्यात स्वतःची मोटर नाही त्या कंपनीच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरवर हातानेच फोकस कराव्या लागतात. बिनबिलाचा ‘ग्रे’ माल थोडा स्वस्त पडतो, पण वॉरंटी गेली. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी जानेवारी २०१९पासून २८ टक्क्यांवरून १८वर आला आहे, त्यामुळे ते आकर्षणही पूर्वीइतके उरलेले नाही.

उपकरणांची चर्चा या मुलखाला नवीही नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी सभासद तिच्यात होते. १८६३ साली पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेचे काम पतीच्या निधनानंतर तडीस नेणाऱ्या ॲलिस ट्रेडवेल यांनी त्या बांधकामाची छायाचित्रेही काढली. काचेवर ओला लेप द्यायचा, तो वाळण्याआधी फोटो घेऊन तिथेच धुवायचा, ही त्या काळची रूढ पद्धत. आजचा सर्वांत स्वस्त कॅमेराही त्याहून कितीतरी सोपा आहे, आणि घाटातले पूल तेव्हाही फोटोत आलेच.

म्हणून पैसे टाकण्याआधी क्रम असा लावावा. काय टिपायचे ते आधी ठरवा. तिथला उजेड एकदा मोजून लिहून ठेवा. हाताशी असलेल्या लेन्सने किती आयएसओ लागतो ते काढा. आकडा खपण्यासारखा असेल तर फिल्टर आणि कोरडा डबा घ्या, नसेल तर लेन्स घ्या. शटर, फोकस किंवा पट्टे यांनी काम खरोखर अडत असेल तरच बॉडीचा विचार करा. त्यातही आधी ती मुंबई-पुण्याहून एका दिवसासाठी भाड्याने आणा आणि आपल्याच ओढ्यावर, आपल्याच मांडवात चालवून पाहा. तोवर पुढच्या मॉडेलवरून भांडण म्हणजे बाजारात तुरी. भाड्याच्या त्या एका दिवसात मिळालेले दहा फोटो, दुसऱ्याच्या देशात लिहिलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा, तुमच्या प्रश्नाचे जास्त नेमके उत्तर देतील.